न वाचलेली अकरा पानं

शनिवारी सकाळी साडेनऊला वहिनी सर्व्हरच्या खोलीत शिरली, तर आत एक सुतार. गुडघ्यांवर बसलेला, कानामागे पेन्सिल, हातात टेप. सर्व्हरच्या कपाटावर त्याची पिशवी आणि पिशवीवर जेवणाचा डबा.

"आधी तो डबा खाली घ्या," वहिनी म्हणाली. "आणि तुम्हाला इथे पाठवलं कोणी?"

"धाकट्या डॉक्टरांनी. सोफ्याचं माप घ्यायचंय. पेशंटच्या नातेवाइकांना बसायला करणारेत म्हणे ही खोली. एल आकाराचा मस्त बसेल, ताई. फक्त हे कपाट कधी हलणार तेवढं सांगा."

"कुठलं कपाट?"

"हेच की. दिवे लुकलुकतायत ते."

वहिनीनं कपाटाकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. "माप घेऊन झालं असेल तर दार ओढून घ्या," एवढंच म्हणून ती जिन्याकडे वळली. तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट होती, पण लिफ्टची वाट बघत उभं राहणं तिला त्या क्षणी शक्यच नव्हतं.

ती घरातल्या दोन माणसांचीच वहिनी, दिराची आणि नणंदेची. पण त्या स्कॅन सेंटरमध्ये रिसेप्शनच्या मुलींपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. सेंटर सासऱ्यांनी उभं केलेलं. शहरात त्याच्या तीन शाखा. सासरे म्हणजे मोठे डॉक्टर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही रोज सकाळी येऊन डोक्याचे नि छातीचे स्कॅन वाचणारे. धाकटा दीरही डॉक्टर, पण गेली पाच वर्षं त्याला स्कॅनपेक्षा सेंटर वाढवण्यात जास्त रस. नवरा डॉक्टर नव्हता. तो कारभार बघायचा, कागदांवर सह्या करायचा, आणि दोन माणसांचे आवाज चढले की तिसऱ्या खोलीत जाऊन बसायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी फिल्मा बंद होऊन स्कॅन कॉम्प्युटरवर यायला लागले, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले होते, "सूनबाई, तुझं गणित चांगलं आहे ना? बघ जरा हे." ते 'बघ जरा' आजपर्यंत चालू होतं. पहिला सर्व्हर तिनं लावला, तीनही शाखा तिनं जोडल्या. पहिलं मूल पोटात असताना टेबलाखाली वाकून केबली ओढल्या. कुठल्या मशीनला कुठली खोड आहे, हे तिला स्वतःच्या मुलांच्या खोडींइतकं पाठ होतं.

आणि दीड महिन्यापूर्वी दीरच तिला म्हणाला होता, "वहिनी, आपलं सगळं आता जुनं झालंय. क्लाउडवर जायचं की आहे तेच ठेवायचं, तुम्ही नीट अभ्यास करून लिहून द्या. तुमच्याशिवाय कोणाला कळणार?"

तिनं लिहून दिलं. तीन आठवडे घड्याळ घेऊन ती शाखा-शाखांतून फिरली. घरच्या सर्व्हरवरून स्कॅन उघडायला किती सेकंद, बाहेरच्या इंटरनेट लाइनवरून किती, कुठल्या वेळी लाइन मंदावते, जुने स्कॅन पुन्हा कोण मागतं नि किती जुने मागतं. वर्षाच्या आतले रोज लागतात, त्याहून जुने शंभरात तीन-चार. म्हणून तिनं लिहिलं की दोन्ही ठेवू. गेल्या वर्षाभराचे स्कॅन आपल्या छताखाली, हाताशी. जुने सगळे आणि प्रत्येक नव्याची एक प्रत क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर. अपॉइंटमेंट आणि रिपोर्टही तिथेच, म्हणजे पेशंटला घरून बघता येतील. अशा रचनेला हायब्रिड म्हणतात, हेही लिहिलं. अकरा पानं झाली. तीन प्रती काढल्या. एक सासऱ्यांना, एक दिराला, एक नवऱ्याला.

तीन आठवडे झाले, कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आता सोफा.

वर मीटिंगच चालू होती. दीर, नवरा, आणि दिरानं आणलेला सल्लागार. भिंतीवर निळ्या ढगाचं मोठं चित्र, ढगाकडे जाणारे बाण, आणि खाली आनंदानं हसणारा एक डॉक्टर, ज्यानं स्टेथोस्कोप उलटा अडकवला होता.

"या ना वहिनी," दीर म्हणाला. "तुम्हाला बोलावणारच होतो."

"सुताराला आधी बोलावलंत."

दीर जरासा हसला. सल्लागारानं खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"मॅडम, मी समजू शकतो," सल्लागार म्हणाला. "एखाद्या गोष्टीत इतकी वर्षं घातली की जीव अडकतो. पण थोडं इथे, थोडं तिथे असं केलं ना, की दोन्हीकडची डोकेदुखी आपल्याकडे येते. सगळं क्लाउडवर टाका आणि निवांत झोपा."

"लाइन गेली तर?"

"दोन लाइन आहेत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या."

"त्या येतात कुठून?"

"म्हणजे?"

"जमिनीखालून येतात ना? कुठल्या बाजूनं?"

"मॅडम, एवढं खोलात जायची गरज नसते."

"मी गेले होते. दोन्ही लाइन फाटकापाशी एकाच खड्ड्यातून आत येतात. कंपन्या दोन असल्या तरी खड्डा एकच आहे. कुदळीचा एक घाव बसला की दोन्ही गेल्या. पान सातवर आहे. नकाशासकट."

दिरानं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. नवरा खिडकीबाहेर बघत होता, आणि खिडकीबाहेर बघण्यासारखं शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखेरीज काही नव्हतं.

"वाचलंय कोणी पान सात?" तिनं विचारलं. "बरं, पान एक?"

"वहिनी, तुमची मेहनत आहेच," दीर म्हणाला. "पण आता त्याचा उपयोग नाही. करार झालाय. मंगळवारी. दादानं सही केली."

मंगळवारी. म्हणजे बुधवारी सकाळी नवऱ्यानं तिच्या हातचा चहा घेतला होता तो सही करून. गुरुवारी लेकीच्या प्रवेशाबद्दल तासभर बोलला तो सही करून. शुक्रवारी 'दमलेली दिसतेस' म्हणाला तोही सही करूनच. दिराचा तिला राग आला होता, सल्लागाराचा आला होता. पण आता जो आला तो वेगळाच होता. जे बोलायचं होतं ते एका वाक्यात मावेना, म्हणून ती तशीच खाली आली.

संध्याकाळी दोघं नेहमीसारखी एकाच गाडीतून निघाली. दुसऱ्या सिग्नलला गाडी थांबली.

"मी सांगणार होतो," नवरा म्हणाला.

"कधी?"

"योग्य वेळ बघून. तू चिडशील म्हणून..."

"मी चिडेन म्हणून मला न विचारता माझं काम विकलंस?"

लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. ती त्याला 'अहो' म्हणायची, आणि त्या घरात सगळ्या सुना तसंच म्हणत आल्या होत्या. आज तिच्या तोंडून 'तू' निघून गेलं, आणि दोघांनाही ते ऐकू आलं.

"असं कसं बोलतेस?"

"तू वाचलीस का रे ती पानं? खरं सांग."

"तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार, म्हणून मी..."

"म्हणून वाचली नाहीस. आणि त्यानं सांगितलं म्हणजे बरोबरच असणार, म्हणून सही केलीस. मग तुझं स्वतःचं काय आहे?"

सिग्नल हिरवा झाला. तिनं दार उघडलं आणि उतरली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. नवरा आतून "अगं, अगं" करत राहिला. घर तिथून पायी पस्तीस मिनिटांवर होतं. ती चालत गेली. इतकी भराभर की पंचवीस मिनिटांतच पोचली आणि दारात तिलाच आधी कुलूप उघडावं लागलं; नवऱ्याची गाडी अजून रहदारीतच अडकलेली.

पुढच्या दोन आठवड्यांत सगळं वर, क्लाउडवर गेलं. एकोणीस वर्षांचे स्कॅन, रिपोर्ट, सगळं. ते काम सल्लागाराच्या माणसांनी नीट केलं, हे तिनं मनातल्या मनात मान्य केलं. तोंडावर मात्र एक अक्षर नाही. सोमवारी सर्व्हर बंद करून भंगारात काढायचा, असं दिरानं लेखी कळवलं.

तिनं बंद केला नाही. सीटी स्कॅनचं मशीन चालवणारा एक जुना माणूस होता. सगळ्यांच्या चुका काढायचा म्हणून त्याला मास्तर म्हणत. त्याला तिनं हाताशी धरलं. दोघांनी मिळून रविवारी दुपारी सर्व्हर उचलला आणि जिन्याखालच्या अडगळीत, बादल्या नि झाडूंच्या शेजारी नेऊन ठेवला. जुने स्कॅन त्यात होतेच; आता मशीन प्रत्येक नवा स्कॅन क्लाउडकडे पाठवत होतं, ते गुपचूप इकडेही पाठवू लागलं.

"वहिनी, इथे हवा नाही," मास्तर म्हणाला. "तापेल हे."

"तापू दे. मीही तापलेच आहे."

"तुम्हाला कोणी गुंडाळून भंगारात नाही देत. याला देतील."

"मास्तर, तुम्ही फक्त दार लावून घ्या."

हे तिनं दूरदृष्टीनं केलं असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. ते काही खरं नव्हतं. तिनं ते रागानं केलं. कधीतरी लाइन जावी, सगळ्यांची तोंडं उतरावीत, मग आपण सावकाश चालत यावं, असं चित्र ती रोज दात घासताना मनात रंगवायची. त्या चित्रात दीर होता, सल्लागार होता, नवरा होता. पेशंट कोणी नव्हता.

सर्व्हर हलवल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी अकराला, समोरच्या रस्त्यावर पाण्याच्या पाइपसाठी खोदकाम चालू होतं. फाटकापाशी कुदळ पडली आणि तीनही मजल्यांवरच्या पडद्यांवर एकदमच ते गोल चक्र फिरायला लागलं.

नेमकी पाच मिनिटं आधी एक शिक्षिका आली होती. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तिचा उजवा हात खाली पडला, आणि तोंडातून शब्द फुटेना. तिला घेऊन आली होती तिच्याच शाळेतली दुसरी शिक्षिका. तिच्या बोटांना अजून खडू लागलेला. मास्तरनं स्कॅन काढला. मोठे डॉक्टर आपल्या टेबलावर तो उघडायला गेले, उघडेना. मग ते काठी टेकत स्वतः मशीनपाशी आले आणि मशीनच्याच पडद्यावर पाहिलं.

"रक्तस्राव नाही," ते म्हणाले. "पण हा डाग आहे. हा आजचा की जुना? आजचा असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देण्यात धोका आहे. जुना असेल तर ताबडतोब द्यायला हवं. आधी कधी स्कॅन काढलाय का हिचा?"

"काढलाय," दुसरी शिक्षिका म्हणाली. "पाच महिन्यांपूर्वी. इथेच. चक्कर आली होती म्हणून."

"दाखवा तो."

मास्तरनं पडद्यावरच्या फिरत्या चक्राकडे बोट केलं. तो स्कॅन वर होता, क्लाउडवर. बाहेर दीर फोनवर ओरडत होता, आणि सल्लागाराचा फोन लागत नव्हता.

वहिनी धावली. चालत नाही, धावली. लॅपटॉप काखेत, जिन्याखालचं दार, आतून भट्टीसारखी गरम हवा. बादली लाथेनं बाजूला केली, केबल लावली. नाव टाकलं. स्कॅन आला. लॅपटॉप तसाच उघडा दोन्ही हातांवर धरून, मागे लांबलचक केबल सोडत, ती मोठ्या डॉक्टरांपाशी आली. जुना आणि नवा शेजारी शेजारी.

मोठे डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लागेल इतके वाकले.

"आहे. तेव्हाही होता. जुना आहे हा." त्यांनी मोबाइलवरून समोरच्या हॉस्पिटलला फोन लावला. "आत्ता पाठवतोय. द्या इंजेक्शन. हो, मी सांगतोय."

सगळ्याला चौदा मिनिटं लागली. स्ट्रेचर फाटकातून बाहेर गेलं आणि वहिनी बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. तिनं नळ सोडला आणि हात तसेच पाण्याखाली धरून ठेवले. लाइन जावी असं आपण म्हणत होतो. म्हणत होतो ना? त्या दुसऱ्या बाईची खडूनं माखलेली बोटं तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. तिला स्वतःचीच इतकी चीड आली की आरशात बघवेना.

बाहेर आली तर दीर उभा.

"तो सर्व्हर चालू कसा? मी लेखी सांगितलं होतं, बंद करा म्हणून."

"हो."

"मग?"

"मी ऐकलं नाही. आणखी काही?"

दीर वळून पुन्हा फोन लावायला गेला.

बुधवारी जिन्याखालून जळका वास आला. मास्तर म्हणाला होता तेच झालं. सर्व्हर तापून तापून गेला. आतल्या दोन्ही डिस्क एकदम गेल्या, काही म्हणजे काही उरलं नाही. पण एकही स्कॅन हरवला नाही, कारण सगळ्यांच्या प्रती वर होत्या. वहिनी तो काळा पडलेला सर्व्हर समोर घेऊन फरशीवर बसून राहिली. तिनं नेहमीच्या थंड खोलीतून त्याला बाहेर काढलं होतं, हेही तितकंच खरं होतं.

शुक्रवारी मीटिंग झाली. या वेळी मोठे डॉक्टरही आले, आणि मास्तरलाही बोलावलं होतं. सल्लागारानं निळा ढग पुन्हा भिंतीवर लावला होता, पण आता त्याच्या खाली एक छोटंसं घरही काढलं होतं.

"सोमवारच्या प्रसंगातून," सल्लागार म्हणाला, "आमच्या लवचीक रचनेची ताकद दिसली. पुढच्या टप्प्यात आम्ही हायब्रिड पद्धत सुचवतो. रोजचं काम स्थानिक सर्व्हरवर..."

"आमची रचना?" वहिनी म्हणाली. "आमची म्हणजे कोणाची?"

"म्हणजे सगळ्यांची, मॅडम."

"थांबा. मला एक सांगायचंय, ते मीच सांगते, नाहीतर मास्तर सांगतील. तो सर्व्हर बुधवारी जळला. मी त्याला अडगळीत ठेवला म्हणून जळला. चूक माझी. वर प्रत नसती तर एकोणीस वर्षांचे सगळे स्कॅन आपण गमावले असते."

सल्लागाराच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "म्हणजे मॅडम, बघा, शेवटी आमचंच बरोबर होतं."

वहिनीनं टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास आडवा झाला आणि पाणी सरळ सल्लागाराच्या कागदांवर गेलं. तिनं ते पुसलं नाही.

"तुमचं अर्धं बरोबर होतं. माझंही अर्धंच. फरक एवढाच की माझ्या कागदावर दोन्ही अर्धी लिहिलेली होती! अकरा पानं. तीन प्रती. या खोलीतल्या एकानंही वाचली नाहीत. भाऊजी, तुम्ही मागितलीत आणि वाचली नाहीत. यांनी सही केली आणि वाचली नाहीत. आणि बाबा, तुमच्या टेबलावर तीन आठवडे होती. आजही आहेत. त्यावर चहाच्या कपाचा डाग आहे, तो मी रोज बघते."

सासऱ्यांशी या घरात असं कोणी बोललेलं नव्हतं. नवरा अर्धवट उठला, नेहमीसारखा तिसऱ्या खोलीच्या दिशेनं.

"बस खाली," मोठे डॉक्टर म्हणाले. त्याला. मग मास्तरला म्हणाले, "माझ्या टेबलावरून ते कागद आण."

कागद आले. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. मनात. सगळे बसून होते. पाच मिनिटांनी दिरानं मोबाइल काढला. "ठेव तो," मोठे डॉक्टर मान वर न करता म्हणाले. पस्तीस मिनिटं कोणी हललं नाही. पानं उलटल्याचा तेवढा आवाज. सातव्या पानावर ते बराच वेळ थांबले, नकाशावरून बोट फिरवलं.

"सूनबाई," शेवटी ते म्हणाले, "सोमवारच्या आधी मी हे वाचलं असतं तर त्या बाईची दहा मिनिटं वाचली असती. ही चूक माझी आहे." आणि दिराकडे वळून, "असंच करा. जसं लिहिलंय तसं. क्लाउडचं काम हे गृहस्थ करतील, पण हिच्या हाताखाली."

"आणि मशीनच्या कुठल्याही करारावर माझ्या सहीशिवाय दुसरी सही होणार नाही," वहिनी म्हणाली.

"कबूल."

"लिहून द्या, बाबा."

मोठ्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी तिच्याच अकराव्या पानाच्या मागे चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

त्या शिक्षिकेला पंधरवड्यानं बोलता यायला लागलं, जरा अडखळत. तिची मैत्रीण मिठाईचा पुडा घेऊन आली. वहिनीनं तो घेतला, पण उघडला नाही. तिनं तो सगळा मास्तरला देऊन टाकला.

नवा सर्व्हर आला. थंड खोलीतच बसला, त्याच्या प्रती वर क्लाउडवर जाऊ लागल्या. घरी नवऱ्याशी ती कामापुरतंच बोलत होती. भाजी आणली का, लेकीची फी भरली का, बस. नवा सर्व्हर बसल्याच्या तेराव्या दिवशी सकाळी तो तिच्यासमोर येऊन बसला. हातात अकरा पानांची त्याची प्रत, कडेला पेन्सिलीच्या खुणा.

"पान चारवरचं एक मला कळलं नाही," तो म्हणाला. "एक वर्षच का? दीड का नाही?"

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. कळलं नाही हे त्याचं खरं होतं, का समेटाची युक्ती, तिला ठरवता येईना.

"राग गेलेला नाही माझा," ती म्हणाली.

"माहितीये."

"लवकर जाणारही नाही."

"बरं. पण एक वर्षच का?"

तिनं खुर्ची ओढली, पेन्सिल त्याच्या हातातून घेतली आणि समजावून सांगायला लागली. दहा वाजता मागच्या गल्लीतून दुसरी लाइन आणणारी माणसं येणार होती, त्यांच्यासमोर तिला स्वतः उभं राहायचं होतं. जाताना तिनं नवऱ्याला सांगितलं, "तूही चल. खड्डा कुठे पडतोय, ते एकदा डोळ्यांनी बघ." आणि तो चपला घालायला उठला.